बोट टोचताना कमी दुखावं म्हणून: घरी शुगर तपासायला नव्याने लागलेल्यांसाठी

डॉक्टर म्हणतात, "घरी एक मशीन घेऊन ठेवा." मेडिकलवाला खोकं पुढे सरकवतो, पैसे घेतो आणि फार तर पेनचा खटका कसा ओढायचा ते एकदा दाखवतो. बोट कसं टोचायचं हे मात्र कुणीच नीट सांगत नाही. मग घरी व्हायचं तेच होतं. पेनवरचा आकडा दुकानातून आला तसाच राहतो, सुई बोटाच्या मधोमध लागते, रक्त येईना म्हणून पिळापिळ होते आणि दुसऱ्या दिवशी भाकरी मोडताना ते बोट ठणकतं. आठवडाभरात मशीन कपाटात जातं, ते डॉक्टरांनी पुढच्या खेपेला विचारेपर्यंत तिथेच.

आमच्या घरी आप्पांची शुगर कित्येक वर्षं घरीच तपासतो, आता माझीही. अमळनेरकडच्या आमच्या गावात कुणाच्या घरी नवं मशीन आलं की बऱ्याचदा मला हाक येते, त्यामुळे घोटाळे कुठे होतात ते आता पाठ झालंय. माझं मत सांगतो: आजकालची सुई फारशी दुखवत नाही. दुखवतात त्या पाच गोष्टी: नको तेवढी खोली, चुकीची जागा, गार पडलेलं बोट, बोथट सुई आणि गरज नसताना टोचणं. एवढं सुधारलं तर मुंगी चावल्याइतकं जाणवतं, कधी तेवढंही नाही.

औषध किती घ्यायचं, इन्सुलिन किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. इथे फक्त बोटाचं बोलू.

१. टोचायचं किती वेळा, हे आधी ठरवून घ्या

सगळ्यात कमी दुखतं ते न टोचलेलं बोट. म्हणून सुरुवात इथून.

ज्यांना इन्सुलिन चालू आहे, त्यातही दिवसातून तीन-चार वेळा, त्यांना रोज अनेकदा तपासावं लागतं, तिथे सूट नाही. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईचंही तसंच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून तिथेही डॉक्टरांना विचारून वेळा पक्क्या करा. पण नुसतं पथ्य आहे किंवा एकटी मेटफॉर्मिन चालू आहे आणि शुगर कित्येक महिने जागेवर आहे, अशा माणसाने रोज सकाळी उपाशीपोटी तोच तो आकडा वहीत उतरवून हाती फार काही लागत नाही. त्यांचा हिशेब तीन महिन्यांनी होणाऱ्या एचबीएवनसी तपासणीत (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ताच्या तपासणीत) बराचसा कळतो.

डॉक्टरांना नुसतं "किती वेळा?" असं विचारू नका. "कोणत्या वारी, कोणत्या जेवणाच्या आधी आणि नंतर?" असं विचारा आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. मला सगळ्यात कामाची वाटते ती जोडीने तपासणी. एकदा जेवणाआधी आणि मग पहिल्या घासापासून दोन तासांनी. वरण-बट्टी खाल्ल्यावर किती चढते, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीवर किती, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) रस आणि पुरणपोळी झाल्यावर किती, हे दोन आकडे शेजारी ठेवले की लगेच दिसतं. पुढच्या वेळी बट्टी दोन घ्यायच्या की एक, हे त्यावरून ठरवता येतं. ज्या आकड्यावरून आपण काही करणारच नाही, त्यासाठी बोट कशाला टोचायचं?

एक सवय मात्र आजच सोडा. आकडा पटला नाही म्हणून लगेच दुसरं बोट, मग तिसरं. घरगुती मशीनसाठी आयएसओ १५१९७ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीप्रमाणे १०० मिलिग्रॅमच्या वरचे आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के इकडे-तिकडे आले तरी चालतात, आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमचा फरक चालतो. शंभरातले ९५ आकडे या मर्यादेत बसले की मशीन पास. म्हणजे प्रयोगशाळेत १६० येणार असेल, तर घरी १३६ पासून १८४ पर्यंत काहीही दिसू शकतं आणि मशीन तरीही चांगलंच असतं. एका बोटाला १५२ आणि दुसऱ्याला १६१ आले, तर ते एकच उत्तर आहे. तिसरं बोट वाचवा.

२. सामान: काय घ्यायचं आणि काय बघून घ्यायचं

- मशीन आणि पट्ट्या. खोक्यावर किंवा आतल्या कागदावर रक्त किती लागतं ते मायक्रोलिटरमध्ये दिलेलं असतं. ०.५ किंवा ०.६ वर चालणारी पट्टी घ्या. एक किंवा त्याहून जास्त मागणाऱ्या पट्टीला मोठा थेंब लागतो, आणि मोठ्या थेंबासाठी खोल टोचावं लागतं. मशीन स्वस्तात मिळतं, खरा खर्च पट्ट्यांचा असतो. म्हणून आपल्या गावात किंवा तालुक्याला नेहमी मिळणारीच पट्टी बघा.
- पेन, म्हणजे सुई मारायचं स्प्रिंगवालं साधन. त्यावर खोली कमी-जास्त करायची चकती हवीच. ती नसलेलं फुकट मिळालं तरी नको.
- सुया, म्हणजे लॅन्सेट. सुईच्या जाडीला गेज म्हणतात. आकडा मोठा तेवढी सुई बारीक: २८ जाड, ३० मधली, ३३ सगळ्यात बारीक. नव्या माणसाने ३० घ्यावी. मऊ हात असतील तर ३३. मात्र शेतात राबलेल्या जाड कातडीला ३३ लावलात तर रक्तच येत नाही, आणि एकाऐवजी दोनदा टोचावं लागतं.
- साबण, स्वच्छ कोरडा रुमाल, थोडा कापूस.
- वही. आकड्यापुढे वेळ आणि काय खाल्लं ते लिहायला.
- जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली. वापरलेल्या सुयांसाठी.
- बिल आणि वॉरंटीचा कागद. मशीनच्या पिशवीतच ठेवा.

दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे, लॅबमध्ये असते ती कागदात गुंडाळलेली चपटी स्टीलची सुई. स्वस्त पडते म्हणून लोक तिचाच डबा घरी आणतात. ती हाताने मारायची असते. किती खोल जाईल याला काही माप नाही, आणि आपलंच बोट आपण टोचताना हात कचरतो, सुई हळू शिरते, म्हणून जास्त दुखतं. पेनमधली सुई झटक्यात सरळ आत जाऊन सरळ बाहेर येते, फरक तिथेच आहे. दुसरं, गोल मुंडी पिरगाळून काढायच्या सुया बऱ्याच पेनांत बसतात, पण सगळ्या नाही. काही पेनांना त्यांच्याच सुया लागतात. जुनं पेन सोबत न्या आणि दुकानातच बसवून बघा.

३. पेनचा आकडा खालून वर न्या

पेनच्या टोकाला १ ते ५, १ ते ७ किंवा असेच काही आकडे असतात. काहींवर अर्धे टप्पेही असतात. आकडा म्हणजे खोली. बरेच जण ३ किंवा ४ वरच सुरू करतात आणि आयुष्यभर तिथेच राहतात.

पहिल्या दिवशी २ वर ठेवा, हात नाजूक असेल तर १ वर. पुरेसं रक्त आलं नाही, तर पुढच्या तपासणीला एक टप्पा वाढवा. ज्या आकड्यावर ज्वारीच्या दाण्याहूनही लहान थेंब येतो, तोच तुमचा आकडा. पेनवर मार्करने खूण करून टाका. घरात दोघांना शुगर असेल तर दोघांचे आकडे वेगळे निघतील, आणि पेनही वेगळी हवीत. त्याचं कारण सातव्या मुद्द्यात येतंय.

बोटागणिकही फरक पडतो. करंगळीची कातडी पातळ, तिथे एक टप्पा खाली. ज्या हाताने विळा-खुरपं धरता, त्या हाताला एक टप्पा वर.

४. हात धुवा, आणि कोमट पाण्यानेच धुवा

यात दोन कामं होतात. एक स्वच्छतेचं, आणि दुसरं, जे फार जणांना माहीत नसतं, रक्त बोटापर्यंत आणण्याचं. गार बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. तिथे कितीही टोचा, थेंब येत नाही, मग खोली वाढवली जाते, मग पिळणं येतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो. त्या दिवसांत सकाळची उपाशीपोटीची तपासणी सगळ्यात त्रासाची. चुलीवरचं किंवा गिझरचं कोमट पाणी घ्या, अर्धा मिनिट हात त्यात ठेवा. पाणी नसेल तर तळवे एकमेकांवर घासा, हात खाली सोडून थोडे झटका. बर्फ लावून बोट बधिर करायची युक्ती कुणी सांगेल, ती करू नका. बर्फाने रक्तच मागे जातं.

धुतल्यावर बोटं पूर्ण कोरडी करा. ओल्या बोटावर थेंब पसरतो, पट्टीत पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो.

साबण का, तर साखर बोटावर चिकटून राहते. रावेर-यावल-सावद्याच्या पट्ट्यातल्या लोकांनी हे खास लक्षात ठेवा. केळ सोलून खाल्लं, हात नुसता धोतराला पुसला आणि शुगर तपासली, तर मशीन रक्ताबरोबर केळातली साखरही मोजतं. आंबा, गूळ, प्रसादाचा शिरा, सगळ्यांचं तेच. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ही साखर नीट निघत नाही, पाणी आणि साबणच लागतं. आकडा अचानक फुगलेला दिसला की आधी हात धुवा आणि मग परत तपासा. दुसऱ्यांदा टोचायला हे मात्र खरंच कारण आहे.

स्पिरिटबद्दल आणखी थोडं. हात धुतले असतील तर घरी स्पिरिटची गरज नाही. रोज लावल्याने कातडी कोरडी पडते, फुटते, आणि पूर्ण वाळायच्या आत टोचलं तर चरचरतं. ती चरचर लोक सुईच्या नावावर खपवतात. बाहेर आहात, पाणी नाही, तर स्पिरिट लावा पण वाळू द्या, आणि पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा पट्टीला द्या.

५. बोट कोणतं आणि बोटावर जागा कोणती

बोटाच्या टोकाची मधली गादी आपण दिवसभर वापरतो. नाणी मोजतो, मोबाइल दाबतो, पीठ मळतो, घास उचलतो. तिथे संवेदना सगळ्यात जास्त, आणि टोचल्यावर दिवसभर तिथेच दाब पडत राहतो. म्हणून मधोमध कधीच टोचू नका. बोटाच्या टोकाची बाजू निवडा: गादीही नाही आणि अगदी नखाला लागूनही नाही, दोन्हींच्या मधे. बाजूलाही रक्त भरपूर असतं, दुखणं मात्र कमी.

अंगठा आणि त्याशेजारचं बोट कामाची, ती शक्यतो सोडा. राहिली मधलं बोट, अनामिका आणि करंगळी. दोन हातांची मिळून सहा बोटं आणि प्रत्येकाच्या दोन बाजू, म्हणजे बारा जागा. आज एक, उद्या दुसरी. दिवसातून एकदाच तपासत असाल तर एका जागेची पाळी जवळजवळ दोन आठवड्यांनी येते, तोवर ती बरी झालेली असते. पण होतं काय, एका बोटातून रक्त सहज येतं म्हणून माणूस रोज तेच पकडतो. काही महिन्यांत तिथे काळे ठिपके आणि घट्टा पडतो, मग अजून खोल टोचावं लागतं. पाळी लक्षात राहत नसेल तर वहीत आकड्यापुढे "डा-अना-बाहेर" (डावा हात, अनामिका, बाहेरची बाजू) असं तीन शब्दांत लिहा. आप्पांसाठी मी वहीच्या पुठ्ठ्यावर दोन पंजे काढून दिलेत, ते रोज त्यावर बॉलपेनने टिंब देतात.

काही पेनांसोबत पारदर्शक टोपी येते. ती तळहातावर किंवा कोपराच्या खाली हातावर टोचण्यासाठी असते. शुगर स्थिर असताना, म्हणजे उपाशीपोटी किंवा जेवणाआधी, तळहात चालतो. मशीनच्या कागदावर तशी परवानगी आहे ना, ते आधी बघा. पण नुकतंच जेवण झालंय, अंगमेहनत झालीय, इन्सुलिन घेतलंय किंवा घाम-थरथर सुरू आहे, अशा वेळी बोटच. कोपराखालच्या हाताचा आकडा बोटाच्या मागे राहतो आणि खाली गेलेली शुगर लपते.

६. प्रत्यक्ष टोचताना

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेकजण आधी टोचतात आणि मग पट्टी शोधतात.

१. बसा. हात टेबलावर किंवा मांडीवर टेकवा. उभ्याने नको.

२. आधी पट्टी मशीनमध्ये घाला. डबी लगेच बंद करा. पडद्यावर थेंबाची खूण आली, म्हणजे बॅटरी ठीक, पट्टी ठीक. मगच पुढे. मशीनने काही एरर दाखवली तर ती टोचण्याआधी कळते आणि बोट वाया जात नाही.

३. पेनमध्ये नवी सुई, ठरलेला आकडा, खटका ओढलेला.

४. हात हृदयाच्या खाली राहू द्या. दुसऱ्या हाताने तळव्यापासून बोटाकडे दोन-तीनदा हलकं चोळत आणा.

५. पेनचं तोंड बोटाच्या बाजूला पक्कं टेकवा. पेन अंतर राखून धरलं की सुई तिरकी लागते आणि खोलीही बिघडते. फार दाबलंत तर ठरवलेल्यापेक्षा आत जाते. कातडी किंचित दबेल एवढंच.

६. बटण दाबा. दाबताना श्वास सोडा. 'खट्ट' आवाजाला दचकून म्हातारी माणसं हात ओढून घेतात, त्या झटक्यात सुई ओरखडा काढते. म्हणून बोट मागून कशाला तरी टेकलेलं हवं.

७. आता थोडं थांबा. चार-पाच सेकंद काही करू नका. टोचल्याबरोबर रक्तवाहिनी आकसते, जरा वेळ दिला की थेंब आपोआप वर येतो. आला नाही तर तळव्याकडून टोकाकडे हलका दाब द्या, सोडा, परत द्या. टोकच चिमटीत धरून पिळू नका. पिळल्याने कातडीतलं पाणी रक्तात मिसळतं आणि आकडा बिघडू शकतो. शिवाय दुसऱ्या दिवशीचा ठणका बहुतेक वेळा सुईचा नसतो, या पिळण्याचा असतो.

८. पट्टीचं टोक थेंबाच्या कडेला लावा. बहुतेक पट्ट्या रक्त स्वतः ओढून घेतात, वरून चोपडायचं नसतं. काही जुन्या पद्धतीच्या पट्ट्यांवर मात्र थेंब वरूनच ठेवतात, तुमच्या कागदावर बघा.

९. आकडा येईपर्यंत स्वच्छ कापूस बोटावर दाबून धरा, रक्त थांबेस्तोवर. नुसतं चोखून किंवा पुसून सोडून देऊ नका. आत रक्त साकळलं की तिथे दोन दिवस हुळहुळतं.

थेंब फारच छोटा आला आणि मशीनने एरर दिली, तर त्याच पट्टीत आणखी रक्त चालतं का तेही कागदावर लिहिलेलं असतं. काहींत काही सेकंदांच्या आत चालतं, काहींत पट्टी फेकावीच लागते.

७. सुई दर वेळी नवी, आणि पेन कुणाला द्यायचं नाही

एका सुईवर महिना काढणारे मला दर गावात भेटतात. "आपलंच रक्त, काय होतं?" असं म्हणतात. लॅन्सेट एका वेळेसाठीच बनवलेली असते. तिचं टोक इतकं बारीक असतं की एका-दोन वापरांत ते वाकतं आणि वरचा गुळगुळीत थर जातो. वाकलेलं टोक कातडी कापत नाही, फाडतं. शेजारचे जिभाऊ म्हणायचे की शुगर वाढल्यापासून बोट जास्त दुखायला लागलंय. बघितलं तर पेनमध्ये दिवाळीची सुई आणि बाहेर होळी आलेली. पट्टीच्या मानाने सुई फार स्वस्त आहे, बचत तिथे करू नका.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. आपल्याकडे गल्लीत एकाकडे मशीन असलं की संध्याकाळी ओट्यावर चार जण बोट पुढे करून बसतात. माया चांगली आहे, पद्धत घातक. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. सुई बदलली तरी पेनच्या टोपीला आतून रक्त लागलेलं असतं आणि ते डोळ्याला दिसत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या रक्तातही बरेच दिवस तग धरतो. म्हणून पेन एका माणसाचं एकच. नवरा-बायकोतही नाही. पाहुण्याची तपासायचीच असेल, तर एकदाच उडणाऱ्या आणि नंतर आपोआप बंद होणाऱ्या सुया मेडिकलवर मिळतात, त्या चार आणून ठेवा, आणि मशीन आधी-नंतर कंपनीने कागदावर सांगितल्याप्रमाणे निर्जंतुक करा. नाही तर त्याला सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा. तिशीपुढच्या सगळ्यांची शुगर आणि बीपी तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, आशाताईंना विचारलं तर कुठे आणि केव्हा ते सांगतात.

८. आपला उन्हाळा आणि पट्ट्यांची डबी

हा मुद्दा मशीनच्या पुस्तिकेत बारीक अक्षरात असतो, आणि खानदेशात तो ठळक हवा. बऱ्याच पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळला पारा ४३-४४ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात आत त्याहून गरम. पट्टीवर एक एन्झाइम असतं, ते उष्णतेने आणि दमटपणाने खराब होतं. मग आकडे वेडेवाकडे येतात, विश्वास बसत नाही, आणि माणूस पुन्हा पुन्हा टोचतो.

डबी घरातल्या सगळ्यात गार आणि कोरड्या जागी ठेवा. धाब्याचं घर असेल तर आतल्या खोलीचा कोनाडा उत्तम. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. कूलरच्या वाऱ्यातही नको. ती खोली गार वाटते, पण हवा ओलसर असते. मोटारसायकलच्या डिकीत आणि एसटीच्या खिडकीशी ठेवलेल्या पिशवीत तर अजिबात नाही. पट्ट्या डबीतून काढून दुसऱ्या डब्यात भरू नका, तिच्या झाकणात ओल शोषणारी पूड असते. डबी उघडल्याची तारीख वर लिहा. उघडल्यावर किती महिने चालते तेही डबीवरच असतं.

मशीनलाही तापमानाची मर्यादा असते, बरीच मशीन चाळिशीच्या आसपास थांबतात. दुपारी तापमानाची एरर आली की बोट टोचत बसू नका. मशीन वीस मिनिटं आतल्या खोलीत ठेवा आणि मग पट्टी घाला. उन्हात पाणी कमी प्यायलं गेलं तरी थेंब यायला उशीर लागतो, म्हणून तपासणीआधी ग्लासभर पाणी प्या. साधं पाणी, सरबत नाही.

९. राबलेले हात, म्हातारे हात, लहान हात

कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांनी बोटांची टोकं आधीच ओरखडलेली असतात. त्या दिवसांत वेचणीत कमी लागणारी बोटं धरा, बहुतेकांच्या बाबतीत डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी. रात्री झोपताना हाताला खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळा, कातडी मऊ राहते. सकाळी मात्र साबणाने काढल्याशिवाय टोचू नका. तेलकट बोटावर थेंब टिकत नाही.

म्हातारपणी नजर आणि हात दोन्ही थरथरतात. त्यांनी पेन धरण्यापेक्षा दुसऱ्या कुणीतरी धरावं, पण बोट कोणतं ते त्यांनाच निवडू द्या. "मनं बोट दुखस रे भो, आते नको," असं आजी म्हणाली तर त्या दिवशी तपासणी गरजेची आहे का ते बघा. नसेल तर सोडा. इन्सुलिनवर असेल तर सोडू नका, पण कोमट पाण्याची वाटी आधी आणा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा स्पर्शच कळत नसेल, तर "आता दुखत नाही, बरं झालं" म्हणून खूश होऊ नका, डॉक्टरांना सांगा.

टाइप वन मधुमेह असलेली लहान मुलं दिवसातून चार-पाच वेळा टोचून घेतात. त्यांच्यासमोर पेन लपवून अचानक मारू नका. एकदा फसवलं की पुढच्या प्रत्येक वेळी झटापट. बोट त्यांनी निवडायचं, बटणही त्यांनीच दाबायचं. परवडत असेल तर दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायच्या सेन्सरबद्दल डॉक्टरांना विचारा. काही सेन्सर चौदा दिवस चालतात आणि बोट टोचणं बरंच कमी होतं. एकाची किंमत हजारांत आहे, त्यामुळे सगळ्यांना जमणार नाही. शिवाय सेन्सर कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, म्हणून रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो. आकडा आणि अंगाची लक्षणं जुळली नाहीत तर बोटच टोचावं लागतं.

१०. दुखण्याचा विचार बाजूला ठेवायची वेळ

घाम फुटला, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ: अशा वेळी बारा जागांची पाळी वगैरे विसरा. मिळेल ते बोट टोचा. आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा तेवढाच ग्लुकोज पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत तपासा. मशीन जवळ नसेल तर तपासणीसाठी थांबू नका, साखर आधी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा.

अंगात रक्त कमी असेल तर मशीनचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. हिमोग्लोबिन कमी निघालं असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला. टोचलेली जागा लाल होऊन सुजली, पू झाला, तर तिथे परत टोचू नका आणि दाखवून घ्या. शुगर असलेल्या माणसाची छोटी जखमही चिघळायला वेळ लागत नाही.

११. वापरलेली सुई

पेनमधून काढलेली सुई टोपण लावायच्या नादात दुसऱ्या बोटात घुसते. काही पेनांना सुई बाहेर फेकायची कळ असते, ती वापरा. नसेल तर सुई पिरगाळलेल्या मुंडीत टोचून मग ओढा. थेट त्या जाड बाटलीत टाका, झाकण लावा, बाटलीवर मोठ्या अक्षरात "सुया" लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा. उकिरड्यावर किंवा घंटागाडीत सुट्या सुया टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हातात त्याच जातात. बाटली पाऊण भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून जवळच्या लॅबमध्ये किंवा ग्रामीण रुग्णालयात घेता का ते विचारा. तिथे टोकदार कचऱ्याचा पांढरा डबा वेगळा असतो. आमच्या तालुक्याच्या लॅबवाल्याने पहिल्यांदा का-कू केली, आता बाटली दिसली की स्वतःच हात पुढे करतो.